अनुभव धागा : सहा ताऱ्यांची गाडी

गवतफूल (धागाकर्ती)

मागच्या शुक्रवारी आमची सुबारू आउटबॅक भंगारवाल्याच्या ट्रकवर चढली. 2007 साली घेतलेल्या या गाडीने अमेरिकेतल्या व्हरमाँटमधले अठरा हिवाळे काढले. अखेर तिचा निकाल इंजिनाने लावला नाही; बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठाने तळाचा पत्रा खाल्ला होता. ट्रक यायच्या आधी मी दात साफ करायचा दोरा घेऊन मागचा बिल्ला हळूहळू सोडवला, आणि तो तळहातावर घेतल्यावर मला 2009 सालची एक संध्याकाळ आठवली.

नाना, म्हणजे माझे वडील, तेव्हा वाईहून पहिल्यांदा आमच्याकडे आले होते. विमानतळाच्या पार्किंगमध्ये मी सामान चढवत असताना ते त्या बिल्ल्यासमोर कमरेत वाकून उभे होते. आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या आणि सकाळच्या चहाआधी पंचांग उघडणाऱ्या या माणसाने मला विचारले, "या कृत्तिका आहेत का गं?" मी दोन वर्षे ती गाडी चालवत होते आणि बिल्ल्यावर तारे किती आहेत हेही मला सांगता आले नसते.

घरी येऊन शोधले तेव्हा नाना बरोबर निघाले. सुबारू हे कृत्तिका या तारकापुंजाचेच जपानी नाव असून त्यात एकत्र येण्याचा अर्थ आहे. लढाऊ विमाने बनवणाऱ्या नाकाजिमा कंपनीचे दुसऱ्या महायुद्धानंतर तुकडे करण्यात आले. त्यांतल्या पाच कंपन्या 1953 मध्ये फुजी हेवी इंडस्ट्रीज या नावाने पुन्हा एकत्र आल्या आणि कंपनीचे पहिले अध्यक्ष केंजी किता यांनी गाडीसाठी हे नाव निवडले. बिल्ल्यावरचे पाच लहान तारे म्हणजे त्या पाच कंपन्या आणि मोठा तारा म्हणजे त्यांच्या एकत्र येण्यातून झालेली कंपनी. हे ऐकल्यावर नाना म्हणाले, "तरीच. आकाशात एक तारा बाकीच्यांपेक्षा एवढा मोठा दिसत नाही, तो कारखानदारांनी मोठा केलेला आहे."

ज्यांच्याकडे सुबारू आहे, होती किंवा नुसती हवीहवीशी वाटली, त्यांनी आपले अनुभव लिहावेत. कोणती गाडी किती सरासरी देते याची तुलना कृपया या धाग्यावर नको.

टकमक

आम्ही कोलोरॅडोत बोल्डरजवळ राहतो. आमच्या गल्लीत नऊ घरे आहेत आणि त्यांपैकी सहा घरांपुढे सुबारू उभ्या असतात, म्हणजे बिल्ला गल्लीलाच लावायला हरकत नाही.

शनवार तेली

आमच्याकडे ही गाडी बर्फासाठी आली नाही, कारण दिमोना हे नेगेव्हच्या वाळवंटातले गाव आहे. वडील अलिबागकडचे. 1960 च्या दशकात ते इस्राएलला आले, कापडगिरणीत लागले आणि वीस वर्षे बसने कामावर गेले. 1984 साली त्यांनी पांढरी सुबारू लिओने घेतली तेव्हा आईने चाकांखाली लिंबू ठेवावे की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली आणि शेवटी नारळावर तडजोड झाली.

सुबारूच का, याचे उत्तर गाडीत नव्हते, ते राजकारणात होते. अरब राष्ट्रांच्या बहिष्कारामुळे इस्राएलला गाड्या विकणाऱ्या कंपनीला अरब बाजारपेठ बंद होत असे. बड्या जपानी कंपन्यांना तेलसंपन्न देशांचे गिऱ्हाईक सोडणे परवडणारे नव्हते, त्यामुळे त्या इकडे फिरकल्या नाहीत. फुजी ही तुलनेने लहान कंपनी होती आणि तिने इस्राएलची निवड केली. परिणाम असा झाला की 1980 च्या दशकात ज्याला परवडणारी जपानी गाडी हवी होती त्याच्यापुढे फारशी निवड नव्हती. शिक्षक, रिक्षाएवढ्या दुकानाचा मालक, शेतकरी, सगळे त्याच गाडीत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बहिष्कार सैल झाला आणि बाकीचे जपानी ब्रँड आले.

आईच्या मराठीत मात्र तोवर शब्द पक्का झाला होता. ती फोनवर मावशीला सांगत असे, "शेजाऱ्यांनी नवी सुबारू घेतली, पण ती फोर्ड आहे."

टकमक

तेली काका, तुमच्या आईचे वाक्य मी घरात मोठ्याने वाचून दाखवले आणि आता आमच्याकडेही तसेच म्हणायचे ठरले आहे.

अगस्ती

धागाकर्तीच्या वडिलांना नमस्कार सांगावा. एक लहानशी पुरवणी जोडतो. पुराणांत कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या कृत्तिका सहा आहेत आणि म्हणून तो षण्मुख झाला. वैदिक वाङ्मयात मात्र अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती आणि चुपुणीका अशी सात नावे येतात. जपानमध्येही या तारकांना सहा ताऱ्यांची ओळ अशा अर्थाचे मुत्सुराबोशी हे जुने नाव आहे. युरोपीय लोक सात बहिणी मोजतात आणि साध्या डोळ्यांना बहुधा सहाच दिसतात. हवाई बेटावरच्या मौना केआ शिखरावर जपानची 8.2 मीटर आरशाची जी दुर्बीण आहे, तिचेही नाव सुबारूच आहे, पण तिचा या कंपनीशी संबंध नाही. गाडी माझ्याकडे नाही आणि मला चालवताही येत नाही.

निशिकासाईची साळुंकी

मी तोक्योत राहते. कामानिमित्त गुन्मा प्रांतातल्या ओता शहरात गेले असताना कारखान्याच्या पत्त्यातच सुबारू-चो, म्हणजे सुबारू पेठ, असे वाचले आणि हसू आले. नाकाजिमा चिकुहेई या माजी नौदल अधिकाऱ्याने 1917 साली विमानांचा उद्योग सुरू केला तो याच भागात.

मला या कंपनीचा युद्धानंतरचा काळ सर्वांत जास्त भावतो. विमाने बनवायला बंदी, हाताशी कुशल कारागीर आणि उरलेले सुटे भाग. 1946 साली त्यांनी रॅबिट नावाची स्कूटर केली आणि तिच्या पहिल्या नमुन्यांना बाँबफेकी विमानाच्या शेपटीखालचे चाक लावले. पुढे 1958 साली सुबारू 360 आली. तिच्यामागे शिनरोकू मोमोसे हे मूळचे विमानक्षेत्रातले अभियंते होते, त्यामुळे वजनातला प्रत्येक किलो वाचवण्याची सवय तिच्यात उतरली. 3 मीटरच्या आत लांबी, मागे 356 घनसेंटिमीटरचे इंजिन आणि तरीही चार माणसांची जागा. जपानी लोकांनी तिला तेंतोमुशी म्हणजे ठिपक्यांचा लाल किडा हे लाडाचे नाव दिले.

माझ्या घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांच्या वडिलांनी ही गाडी घेतली तेव्हा पाच भावंडे, आई आणि एक मांजर असे सगळे तिच्यातून समुद्रावर गेले होते, असे त्या सांगतात. चार माणसांच्या जागेत हे कसे झाले असे मी विचारले, तेव्हा त्यांनी फक्त दोन्ही हात जवळ आणून दाखवले. मला आमची भोरहून पुण्याला येणारी वडाप आठवली.

चौथा गिअर

माझ्याकडे सुबारू कधीच नव्हती आणि तरीही मी स्वतःला मालक समजत आलो आहे. 1995 साली मी पुण्यात अकरावीत होतो. केबलवर रॅलीचे क्षणचित्र दाखवत तेव्हा सुबारूची निळी इम्प्रेझा सोनेरी चाकांवर चिखल उडवत जायची. तिचा चालक कॉलिन मॅकरे त्या वर्षी जगज्जेता झाला आणि कंपनीने 1995, 1996 आणि 1997 अशी सलग तीन वर्षे उत्पादकांचे विजेतेपद मिळवले. पुढे 2001 मध्ये रिचर्ड बर्न्स आणि 2003 मध्ये पेटर सोलबर्ग हेही याच गाडीतून जगज्जेते झाले.

त्या इंजिनाबद्दल दोन शब्द लिहितो, कारण खरी मोहिनी तिथे आहे. नेहमीच्या इंजिनात पिस्टन उभे वरखाली होतात. यात ते आडवे, डावी-उजवीकडे, दोन मुष्टियोद्धे समोरासमोर ठोसे मारत असल्यासारखे चालतात. त्यामुळे इंजिन बसके राहते, गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी कलते. त्या काळच्या इम्प्रेझात धूर नेणाऱ्या नळ्या असमान लांबीच्या असल्याने स्फोटांचे ठोके एकसारख्या अंतराने बाहेर येत नसत आणि एक लंगडा, घोगरा आवाज निघे. मी तो आवाज कॅसेटवर भरून घेतला होता. आईने त्यावर नंतर हरिपाठ भरला, पण सुरुवातीचे काही सेकंद शिल्लक राहिले आहेत.

गवतफूल

चौथा गिअर, ती कॅसेट कृपया जपून ठेवा. आमच्या गाडीचा आवाज इतका रुबाबदार नव्हता, पण थंडीत पहाटे सुरू केली की ती खाकरणाऱ्या आजोबांसारखी दोनदा हुंकारत असे.

हिमगौरी

मी मिनेसोटात परिचारिका आहे. रात्रपाळीला जायचे असते तेव्हा बर्फ पडत आहे हे कारण चालत नाही, म्हणून आमच्या विभागात चारही चाकांना जोर मिळणारी गाडी ही चैन मानली जात नाही. अशा गाडीचे मूळही कामाचेच आहे. जपानच्या ईशान्येकडच्या तोहोकू भागातल्या वीज कंपनीला हिवाळ्यात तारांची पाहणी करायला जीपपेक्षा उबदार वाहन हवे होते आणि त्या मागणीतून 1972 ची चारचाकी जोराची लिओने व्हॅन तयार झाली.

नव्या मालकांसाठी एक व्यावहारिक सूचना देते. एक टायर निकामी झाला की तेवढाच बदलून चालेल असे समजू नये. नव्या आणि झिजलेल्या टायरच्या घेरात फरक पडला की चारही चाके जोडणाऱ्या यंत्रणेवर सतत ताण येतो, म्हणून झीज जास्त असेल तर चारही बदलावे लागतात. मी हे दुकानात उभी राहून, खिशात एका टायरचे पैसे घेऊन ऐकले होते.

दोघी

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये नॉर्थॅम्प्टनला राहतो. 1990 च्या दशकात या कंपनीने अमेरिकेतले आपले ग्राहक कोण आहेत हे तपासले, तेव्हा शिक्षक, आरोग्यसेवेतले लोक, संगणक व्यवसायातले लोक आणि डोंगरदऱ्यांत भटकणारे यांच्याबरोबर समलिंगी स्त्रिया हाही एक मोठा गट निघाला. इतर कंपन्या ज्या गोष्टीकडे पाहून न पाहिल्यासारखे करत होत्या, तिच्यासाठी या कंपनीने जाहिराती केल्या आणि 2000 साली टेनिसपटू मार्टिना नवरातिलोव्हा कंपनीच्या जाहिरातीत झळकली.

मी 2003 मध्ये माझ्या जोडीदारणीबरोबर सुबारूची फॉरेस्टर घेतली तेव्हा आम्हाला यातले काही माहीत नव्हते, आम्हाला फक्त कुत्र्यासाठी मागे सपाट जागा हवी होती. कर्जाच्या कागदावर दोघींची नावे शेजारी शेजारी आली. आमचे दोघींचे नाते लिहिलेला तो पहिला कागद होता. मी त्याची प्रत सोलापूरला आत्याला पाठवली, कारण घरात फक्त तिलाच सांगितले होते. तिचे उत्तर आले की, "व्याजदर जास्त आहे, पण रंग छान निवडलात."

हिमगौरी

दोघी, तुमच्या आत्यांना माझा साष्टांग नमस्कार सांगा.

पायवाट

ही गाडी भारतात मिळत नाही का? मी तरी कधी पाहिली नाही.

गोदाकाठ

पायवाट, तुम्ही ती पाहिली असण्याची शक्यता आहे, फक्त ओळखली नसेल. जनरल मोटर्सने 1999 मध्ये फुजी हेवीत 20 टक्के हिस्सा घेतला होता. त्या नात्यातून फॉरेस्टर भारतात शेवरले या नावाने, जपानहून तयार स्थितीत येऊन विकली गेली. ती दिसायला साधी होती, किंमत मोठी होती आणि डिझेल इंजिन नव्हते, त्यामुळे फार कुणी घेतली नाही.

मी नाशिकला 2011 मध्ये एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. कसारा घाटात पावसात ती रुळावरून जावी तशी जाते. तिचे तेल बदलायला गेलो की नवा कारागीर बॉनेट उघडतो, आत वाकून पाहतो, बॉनेट लावतो आणि चहा घेऊन येतो. मग आम्ही दोघे मिळून स्पार्क प्लग शोधतो, कारण ते वर नसून इंजिनाच्या दोन्ही कुशींत असतात. सुटे भाग मेलबर्नहून भावाच्या सामानातून येतात. गेल्या दिवाळीत त्याने चिवड्याच्या रिकाम्या डब्यातून टायमिंग बेल्ट आणला.

गवतफूल ताई, एक विचारायचे आहे. गाडी सुबारूची असूनही माझ्या जाळीवर शेवरलेचा तो सोनेरी अधिकचिन्हासारखा बिल्ला आहे आणि सहा तारे कधी लागलेच नाहीत. तुमचा बिल्ला तुम्ही कुणाला देणार असाल तर माझा विचार करावा. टपालखर्च मी देईन.

अगस्ती

आउटबॅकचा बिल्ला फॉरेस्टरच्या जाळीत बसेल का, याची आधी खात्री करून घ्यावी.

गोदाकाठ

अगस्ती, नाही बसला तर दोन बाजूंनी तारेने बांधीन.

गवतफूल

गोदाकाठ, मागचा बिल्ला देता येणार नाही, कारण काल फोनवर सांगितल्यावर नानांनी तो मागून घेतला आहे आणि पंचांगाच्या खिळ्याशेजारी दुसरा खिळा ठोकूनही ठेवला आहे. पुढचा मात्र जाळीसकट माझ्याकडे आहे, कारण तो सोडवताना जाळीच तुटून हातात आली. त्यातल्या लहान ताऱ्यांपैकी एकाचा मुलामा उडाला आहे, ते चालणार असेल तर पत्ता निरोपातून कळवा. जानेवारीत मी वाईला येणार आहे, तेव्हा तो नाशिकला पोचवायची व्यवस्था करीन.

गोदाकाठ

चालेल. निरोप पाठवला आहे, आणि तुटलेली जाळीही आणता आली तर पाहा.