मदत हवी आहे: घटस्फोटाचा निकाल बाकी असताना फ्लॅट घ्यावा का?

नमस्कार मंडळी. सोलापुरात दोन वर्षांपासून माझी घटस्फोटाची केस चालू आहे. तारखेवर तारीख पडतेय. मी आणि मुलगी सध्या आईकडे, दोन खोल्यांत पाच जण. मुलगी यंदा दहावीला, तिला अभ्यासाला कोपरासुद्धा नाही.

जुळे सोलापुरात एक जुना वन बीएचके पसंत पडलाय. मालक साठेखतासाठी घाई करताहेत. विसार माझ्या पगारातल्या बचतीतून आणि आईने लग्नात घातलेल्या पाटल्या मोडून देणार आहे. उरलेलं कर्ज.

वकिलांनी सांगितलं, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ प्रमाणे माझ्या नावावरचं घर पूर्णपणे माझंच. पण निकाल लागेपर्यंत नवरा कायद्याने वारस राहतो. मला काही झालं आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलीबरोबर त्यालाही वाटा. हे ऐकल्यापासून झोप नाही. मृत्युपत्र तर आधी करणारच.

बँकेतले साहेब म्हणतात, "मॅडम, मिस्टरांची सही लागेल." खरंच लागते का? एकटीच्या पगारावर कर्ज मिळालेल्या कुणी ताई आहेत का इथे? महिला खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, ती केस चालू असताना घेताना काही अडचण आली का? आणि घर घेतलं म्हणून माझी पोटगी कमी होईल का?

दादा म्हणतो, निकालापर्यंत थांब. पण मुलीची दहावी थांबणार नाही.