ट्रकच्या केबिनसाठी फ्रिज घ्यायचा आहे : रात्रभर चालवला तर सकाळी सेल्फ लागेल का?

नमस्कार मंडळी,

माझे वडील स्वतःचा दहा चाकी ट्रक चालवतात. कळंबोलीहून किंवा न्हावा-शेव्याहून माल भरून इंदूर, कधी अहमदाबाद, अशा त्यांच्या खेपा असतात आणि एका खेपेत चार ते सहा दिवस ते घराबाहेर असतात. गेल्या वर्षी त्यांना इन्सुलिन सुरू झाले. न उघडलेली पेने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावीत आणि गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे, असे डॉक्टरांनी बजावल्यापासून केबिनमध्ये फ्रिज बसवण्याचा विषय आमच्या कुर्ल्याच्या घरात रोज निघतो. बाबांचे म्हणणे असे, की फ्रिज स्वयंपाकघरात शोभतो. ट्रकमध्ये थर्माकोलचा डबा आणि बर्फ पुरतो. (मे महिन्यात तो बर्फ मनोर येईपर्यंत पाणी होतो आणि पेनांचे खोके त्यात तरंगत असते, हे मी स्वतः पाहिले आहे.)

एक प्रयत्न आधीच फसला आहे, तो सांगते, म्हणजे माझ्या प्रश्नांचा रोख लक्षात येईल. स्वस्तात मिळाला म्हणून मी ‘कार फ्रिज’ नावाचा एक डबा मागवला होता. त्यात कॉम्प्रेसर नव्हता, पेल्टियरची चकती (वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारी) आणि पंखा होता. अशा डब्याचे तापमान बाहेरच्यापेक्षा साधारण १५ ते २० अंशांनीच खाली जाते, त्यामुळे दुपारी केबिनमध्ये ४३ अंश असताना आत ठेवलेला थर्मामीटर २५ दाखवत होता. शिवाय डबा १२ व्होल्टचा आणि ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची. वायरमनने सोपा मार्ग काढला आणि एकमेकींना जोडलेल्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच तार ओढून दिली. तीन-साडेतीन महिन्यांनी एके पहाटे चारोटीजवळ बाबांनी सेल्फ मारला, तर नुसता टकटक आवाज. तपासल्यावर कळले, की जिच्यावर डबा होता ती बॅटरी कायम अर्धी उतरलेली राहत होती आणि अल्टरनेटर दोघींना मिळून चार्ज करत असल्याने दुसरी मात्र जास्त चार्ज होऊन तिचे पाणी आटत होते. दोन्ही बॅटऱ्या बदलाव्या लागल्या. तेव्हापासून घरात ‘फ्रिज’ हा शब्द मी जरा जपूनच उच्चारते.

आता थेट १२ आणि २४ अशा दोन्ही व्होल्टेजवर चालणारा, कॉम्प्रेसरचा फ्रिज घ्यावा असे ठरवले आहे. बजेट २५ हजारांपर्यंत आहे. माझा हिशेब असा : कॉम्प्रेसर सुमारे ४५ वॉट घेतो आणि आतले तापमान ४ अंशांवर ठेवले, तर निम्मा वेळ बंद असतो. म्हणजे गोदीच्या रांगेत इंजिन बंद ठेवून दहा तास काढले, तर साधारण २२५ वॉट-तास, म्हणजेच २४ व्होल्टला नऊ-दहा अँपिअर-तास खर्च होतील. बाबांच्या बॅटऱ्या १२० अँपिअर-तासांच्या आहेत. हा हिशेब बरोबर आहे का? २० लिटरचा घ्यावा की ३५ चा? आणि फ्रीझरचा वेगळा कप्पा असलेला घेण्यात काही अर्थ आहे का?

प्रतिसाद १

ताई, हिशेब बरोबर आहे, फक्त उन्हाळ्यात कॉम्प्रेसर निम्म्याऐवजी सत्तर टक्के वेळ चालू धरा. तरीही दहा तासांत तेरा-चौदा अँपिअर-तासांच्या वर जाणार नाही, आणि चांगल्या बॅटरीला ते जड नाही. तुमचा जुना डबा अखंड चालत असणार. तो ५० वॉटचा असेल, तर दहा तासांत पाचशे वॉट-तास खाऊन वर २५ अंशच देत होता. खरी अडचण गाडी दोन-अडीच दिवस उभी राहिली तर येते. निम्माच वेळ चालू धरला, तरी साठ तासांत पंचावन्न-साठ अँपिअर-तास जातील, म्हणजे जवळजवळ अर्धी बॅटरी, आणि सेल्फच्या बॅटरीला इतके उतरणे सोसत नाही. तशी वेळ आली, तर एक-दोनदा इंजिन चालवावे, नाहीतर फ्रिज बंद करावा.

मी ट्रकचेच वायरिंग करतो म्हणून दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. फ्रिज सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालवू नका. खड्ड्यांत पिन ढिली होते, गरम होते आणि सॉकेट वितळते. जोडलेल्या बॅटऱ्यांच्या दोन टोकांवरून थेट ४ चौरस मिलिमीटरची तार ओढा आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज बसवा. ही तार मेन स्विचच्या अलीकडून, म्हणजे बॅटरीच्या बाजूने घ्या, कारण बाबा रात्री मेन स्विच बंद करत असतील, तर फ्रिजही बंद होईल आणि ते सकाळपर्यंत कुणाच्या लक्षात येणार नाही.

दुसरे म्हणजे, कॉम्प्रेसरच्या बहुतेक फ्रिजना बॅटरी-संरक्षणाच्या तीन पायऱ्या असतात. ती ‘हाय’वर ठेवा, म्हणजे बॅटरी फार उतरण्याआधी फ्रिज आपोआप बंद होईल. तार बारीक असेल, तर कॉम्प्रेसर सुरू होताना फ्रिजपाशी व्होल्टेज पडते आणि चांगली बॅटरी असूनही तो बंद होतो. मग लोक वैतागून ‘लो’ लावतात आणि सकाळी धक्का मारायला माणसे शोधत बसतात.

प्रतिसाद २

आमच्या दोन गाड्यांत असे फ्रिज आहेत. फ्रीझरच्या कप्प्याच्या नादी लागू नका. उणे १८ अंशांसाठी कॉम्प्रेसरला विश्रांती जवळजवळ मिळत नाही, आणि इन्सुलिन असलेल्या फ्रिजमध्ये गोठण्याचा धोका विकत कशाला घ्यायचा? आकाराच्या बाबतीत मात्र ३५ लिटरचाच घ्या, दोघांचे जेवण बसते.

प्रतिसाद १ देणाऱ्यांकडून पुन्हा

दादा, दहा चाकीत सीटमागच्या बर्थवर ३५ लिटरचा ठेवला, तर माणूस पाय कुठे पसरणार? जाळीच्या बाजूने चार बोटे जागा मोकळी सोडावी लागते, नाहीतर गरम हवा कोंडून कॉम्प्रेसर थांबतच नाही. ताई, आधी केबिनमध्ये टेप लावून मोजा.

धागाकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. काल कळंबोलीला जाऊन टेप लावली. क्लीनरच्या सीटमागे बर्थच्या टोकाला ५८ सेंटिमीटर लांब आणि ३४ रुंद जागा आहे, म्हणजे हवेसाठी जागा सोडून २० ते २२ लिटरचाच बसेल. शिवाय क्लीनर हल्ली प्रत्येक खेपेला नसतो, त्यामुळे एका माणसाचे दही, उसळी आणि पेने यांना तेवढा पुरेल. पेने तळाशी किंवा थंड भिंतीला चिकटून न ठेवता झाकणाच्या डब्यात वरच्या बाजूला ठेवीन, आणि निघायच्या आदल्या रात्री फ्रिज घरच्या विजेवर थंड करून मगच गाडीत चढवीन. मेन स्विचबद्दल बाबांना विचारले, तर ते म्हणाले, “रोज रात्री बंद करतो, मग?” म्हणजे तार अलीकडूनच घ्यावी लागणार.

आता एकच विचारायचे राहिले : घाटात आणि खड्ड्यांत फ्रिज सरकू नये म्हणून तुम्ही तो नुसता पट्ट्याने बांधता, की खाली लोखंडी चौकट बोल्टने बसवून घेतली आहे?