नगरपरिषदेच्या सभेतले ‘ऐनवेळचे विषय’ बंदच करायला हवेत

वेशीबाहेर (धागाकर्ता)

आमची ‘क’ वर्ग, म्हणजे लहान गावाची नगरपरिषद. जुन्या नगरसेवकांची मुदत संपली आणि चार वर्षं प्रशासक बसला. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका लागल्या, त्यात आमचीही होती. आता नवे नगराध्यक्ष आहेत, नवे नगरसेवक आहेत. म्हटलं, एकदा सर्वसाधारण सभा डोळ्यांनी बघावी.

सभा लोकांना खुली असते. तरी दारावर शिपायाने विचारलंच, ‘कोणाकडे काम आहे?’ सभा ऐकायला आलोय म्हटल्यावर तो गोंधळला. मागे भिंतीला लागून चार खुर्च्या. तीन पत्रकार आणि मी.

विषयपत्रिकेवर २६ विषय होते. ‘विषय क्रमांक नऊ, पाणीपुरवठा विभागाकडील टिप्पणीवर विचार करून निर्णय घेणे’ असं वाचून पुरं व्हायच्या आत ‘मंजूर, मंजूर’. टिप्पणीत, म्हणजे विभागाने विषयाची माहिती लिहिलेल्या कागदात, काय आहे ते कोणी वाचलं नाही, कोणी विचारलं नाही. चर्चा झाली ती फक्त एका चौकाला नाव कोणाचं द्यायचं यावर, चांगली वीस मिनिटं. मग आले ऐनवेळचे विषय, म्हणजे विषयपत्रिकेवर नसलेले, सभेतच आयत्या वेळी मांडलेले, तब्बल अकरा. त्यांचे कागद नगरसेवकांच्याही हातात नव्हते. त्या अकरांत घनकचरा गोळा करण्याच्या ठेक्याची मुदतवाढ होती. आमच्यासारख्या गावात कचरा हा नियमित खर्चातला सगळ्यात मोठ्या बाबींपैकी एक. सूचक आणि अनुमोदकाचं नाव ऐकू आलं, रक्कम ऐकू आली नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ऐनवेळचे विषय बंद करा. आणीबाणीसाठी १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात कलम ५८(२) आहेच. लोकांच्या सेवेसाठी किंवा सुरक्षेसाठी खरंच तातडीचं असेल तर अध्यक्ष काम सुरू करायला सांगू शकतात, फक्त कारणांसह सभेला कळवायचं. मग ही मागची खिडकी कशाला?

---

निवृत्त सभालिपिक

तुम्ही सभेला गेलात याचा आनंद वाटला. माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीत कामाशिवाय सभा ऐकायला आलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील.

पण तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा. नोटीस सात दिवस आधी काढायची. म्हणजे विषयपत्रिका त्याच्याही आधी तयार करायची. विभागांकडून टिप्पण्या मागवा, मुख्याधिकारी साहेबांची सही घ्या, झेरॉक्स काढा, शिपायाला घरोघर पाठवा, पोच घ्या. या पंधरा दिवसांत जग थांबत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयातून पत्र येतं की अमुक योजनेचा प्रस्ताव ठरावासह आठ दिवसांत सादर करा. ठराव नाही तर निधी परत. तो विषय ऐनवेळी घ्यायचा नाही तर कधी घ्यायचा? विशेष सभा बोलवा म्हणाल, तर तिची पुन्हा नोटीस, पुन्हा गणपूर्तीची, म्हणजे पुरेसे सदस्य जमण्याची, धाकधूक.

आणि कलम ५८(२) पंप जळला, नाला फुटला यासाठी आहे. निधीचा प्रस्ताव पाठवायला ते वापरलंत तर लेखापरीक्षणात पहिला आक्षेप त्यावरच निघेल. अध्यक्षांनी एकट्याने केलेली कामं नंतर सभेपुढे ‘कार्योत्तर मंजुरी’ म्हणून येतात. तुम्हाला लोकांसमोर चर्चा हवी आहे ना? मग अकरा-बारा माणसांसमोर निदान वाचला तरी जाणारा विषय एकट्या माणसाच्या सहीवर का ढकलता?

---

मोंढा चौक

मी व्यापारी माणूस. सरळ बोलतो. प्रशासक असताना आमच्या बाजारपेठेतला रस्ता झाला, भाजीवाल्यांना ओटे मिळाले, नालेसफाई मे महिन्यातच उरकली. सभा नाही, सभात्याग नाही, तहकुबी नाही. आता पुन्हा तेच सुरू. एका गटाचा बांधकाम सभापती झाला की दुसरा गट प्रत्येक विषयाला आडवा. या सभांमधून गावाला काय मिळतं ते कोणी सांगावं.

---

प्रभाग सात

मोंढा चौक, मी सांगते. २०१६ ते २०२१ मी नगरसेविका होते, महिला राखीव जागेवरून.

प्रशासकाच्या काळात ठरावही तेच करतात, अंमलबजावणीही तेच करतात आणि बिलावर सहीही तेच करतात. तुमच्या बाजारपेठेचा रस्ता झाला, चांगलं झालं. आमच्या वस्तीतली जलवाहिनी चार वर्षं तशीच राहिली. ती कोणाला विचारायची? निवेदन देऊन यायचो. ‘बघतो’ म्हणायचे. सभेत मला ‘बघतो’ सांगून चालत नव्हतं, कारण मी उठून उभी राहू शकत होते.

आता धागाकर्त्यांच्या मुद्द्यावर. दादा, ऐनवेळचे विषय हा दुखण्याचा अर्धाच भाग आहे. माझ्या घरी विषयपत्रिका सात दिवस आधी वेळेवर यायची. तिच्यात लिहिलेलं असायचं, ‘विषय क्र. १४ : प्राप्त निविदेस मंजुरी देणे.’ कोणती निविदा, केवढ्याची, किती जणांनी भरली, काही नाही. हा विषय नियमाने आलेला, ऐनवेळचा नव्हे, तरी माझ्या दृष्टीने अंधारच. टिप्पणी मागायला गेले तर पहिल्या वर्षी उत्तर मिळायचं, ‘मॅडम, साहेबांकडे फाईल आहे.’ कधी कधी, ‘तुमच्या मिस्टरांना सांगितलंय.’

दुसऱ्या वर्षापासून मी एकच करायला लागले. कागद नसेल त्या विषयाला उभं राहून म्हणायचे, ‘टिप्पणी मिळाली नाही, माझा विरोध नोंदवा.’ सुरुवातीला हसले सगळे. पण तसं इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, लागलं की उद्या चौकशी झाली तर ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणता येत नाही. सहा महिन्यांत टिप्पण्या घरी यायला लागल्या. सगळ्या नाही, मोठ्या रकमेच्या.

---

वेशीबाहेर

ताई, हे फार मोलाचं सांगितलंत. एकट्याचा विरोध नोंदवण्यावरून आठवलं. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून स्वागतावर खर्च करायचा विषय आला, तेव्हा एकट्या जोतीरावांनी विरोध केला. खर्च थांबला नाही, पण तो विरोध आजही आपल्याला माहीत आहे.

निवृत्त सभालिपिक काका, निधी परत जाण्याची अडचण मला समजते. पण कचऱ्याच्या ठेक्याची मुदत कधी संपणार हे ठेका दिला त्या दिवसापासून कार्यालयाला ठाऊक असतं. तो विषय ऐनवेळचा कसा होतो?

---

निवृत्त सभालिपिक

तो व्हायला नको. यावर वाद नाही. मुदतवाढ ऐनवेळी आणणं म्हणजे एक तर विभागाने झोपा काढल्या, नाही तर मुद्दाम ठेवली. दोन्ही मी पाहिलं आहे. पण एका वाईट वापरासाठी आख्खी सोय मोडू नका, एवढंच माझं म्हणणं.

---

लेव्हल मशीन

मी नगरपरिषदांकडे स्थापत्य सल्लागार म्हणून काम करतो. दोन्ही बाजूंना एक विचारतो. सभेपुढे चर्चा करण्यासारखे पैसे उरलेत तरी किती?

१९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली. तिच्या जागी सहायक अनुदान आलं. त्यातून पगार आणि पेन्शन भागवताना मारामार. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांतला ६० टक्के हिस्सा बंधित होता : पाणी आणि स्वच्छता, दुसरीकडे वळवायचा नाही. बाकी राज्याची नगरोत्थान योजना असो, आमदार निधी असो, पैसा येतानाच कामाचं नाव कपाळावर लिहून येतो. स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, गाळ्यांची भाडी, थोडीफार विकास शुल्कं. घरपट्टी वाढवायचा विषय आला की सगळे पक्ष एक होतात आणि तो तहकूब होतो. म्हणून ‘मंजूर, मंजूर’ होतं. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिले, पण तिजोरीची किल्ली दिली नाही. सभा कितीही नीट चालवली तरी हे बदलणार नाही.

---

प्रभाग सात

भाऊ, पैसे कपाळावर नाव लिहून येतात हे खरं. पण ‘पाणी’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणत्या गल्लीत पाणी, ते सभेत ठरतं. ते ठरताना जी गल्ली गप्प बसली, तिला मिळत नाही. माझ्या पाच वर्षांतली सगळी धडपड या एका वाक्यातली आहे.

---

सावित्रीकाठ

मी महाड तालुक्यातला. ठराव, इतिवृत्त, नोंद यांना तुम्ही सगळे फार महत्त्व देताय, म्हणून आमच्या गावचं सांगतो.

१९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात तिथले सदस्य सी. के. बोले यांचा ठराव झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत त्याप्रमाणे आपला ठराव केला, चवदार तळं सर्वांना खुलं. सगळं रीतसर. त्या ठरावाने कोणाच्या ओंजळीत पाणी पडलं? तीन वर्षं कोणाच्याच नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब स्वतः तळ्यावर उतरले, लोकांसह पाणी प्यायले, आणि त्यानंतर लोकांनी मार खाल्ला. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. शेवटी निकाल लागला तो कोर्टात, १९३७ साली.

म्हणून म्हणतो, सभा सुधारण्यात ताकद घालवू नका. अंमलबजावणीच्या मागे लागा. ऐनवेळचा का असेना, झालेलं काम बघा.

---

वेशीबाहेर

हा इतिहास ऐकून गप्प बसावं असंच वाटतं, पण मी त्यातून उलटं वाचतो. १९२४ चा ठराव कागदावर होता म्हणूनच तळ्यावर जाणारे लोक कायद्याने सार्वजनिक असलेल्या पाण्याकडे चालले होते. आणि तो नाकारायचा तर नगरपालिकेला उघड सभेत, तारीख घालून, रद्द करावा लागला. कोणी काय केलं हे शंभर वर्षांनी तुम्ही मला तारखेनिशी सांगू शकता, ते नोंद राहिली म्हणून. आमच्या अकरा ऐनवेळच्या विषयांचं दोन महिन्यांनीसुद्धा कोणाला सांगता येणार नाही.

---

सावित्रीकाठ

नोंद राहिली ती सत्याग्रह झाला म्हणून. नाही तर तो ठराव दप्तरात कसरीने खाल्ला असता. माझं मत कायम.

---

मोंढा चौक

प्रभाग सात ताईंचं एक पटलं. ज्याचं काम झालं त्याला प्रशासक चांगला वाटतो. आमचं झालं होतं. पण चौकाच्या नावावर वीस मिनिटं आणि कचऱ्यावर शून्य, हे बघून मी सभेच्या बाजूने मत कसं द्यायचं? आधी नगरसेवकांनी कामाचं बोलावं.

---

निवृत्त सभालिपिक

धागाकर्त्यांना एक कामाची गोष्ट सांगून थांबतो, कारण तुमची तळमळ खरी आहे.

प्रत्येक सभेचा पहिला विषय असतो, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ तो सगळ्यात वेगाने जातो, आणि सगळी मेख तिथे असते. सभेत जे बोललं गेलं त्यातलं काय लिहिलं, रक्कम कोणती टाकली, ऐनवेळच्या विषयांची भाषा नंतर कशी बसवली, हे तेव्हा पक्कं होतं. आमच्या दप्तरात १९२५ च्या बरो म्युनिसिपालिटी कायद्याच्या काळातली ठराव बुकं आहेत. शाईने लिहिलेली, पानाला क्रमांक, खाडाखोड असेल तिथे सही. एका ठरावावर तीन-तीन पानं चर्चा. पुढे पुढे ती चर्चा आटत गेली आणि ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ एवढ्या तीन शब्दांवर आली. ते तीन शब्द मीही शेकडो वेळा लिहिले आहेत. त्याचं मला वाईट वाटतं.

तुम्ही आता करायचं ते असं. सभेच्या ठरावांच्या नकला मागा. साधा अर्ज, नक्कल फी, आवक क्रमांकाची पोच. नाही दिल्या तर माहिती अधिकार. ठेक्याच्या मुदतवाढीत काही बेकायदा दिसलं तर ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे, त्यांच्याकडे लेखी तक्रार द्या. आणि पुढच्या सभेआधी तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला त्या नकलेची झेरॉक्स नेऊन द्या, इतिवृत्त कायम होण्याआधी. तो उठला तर ठीक. नाही उठला तर कोण बसून राहिलं हे तुम्ही मागच्या खुर्चीवरून बघालच.

ऐनवेळचे विषय मात्र बंद करू नका. मर्यादा घाला : खर्चाचा विषय ऐनवेळी नाही, ठेका-मुदतवाढ नाही. तेवढ्याला माझी संमती.

---

प्रभाग सात

खर्चाचा विषय ऐनवेळी नाही, यावर मीही सही करते. त्यात एक जोडा : टिप्पणी विषयपत्रिकेलाच जोडलेली हवी, आणि ती कार्यालयाच्या फलकावरही लावा. नगरसेविकेला न मिळालेला कागद निदान भिंतीवर तरी वाचता येईल.

---

वेशीबाहेर

आज सकाळी अर्ज दिला. ऐनवेळच्या अकराही ठरावांच्या नकला मागितल्या आहेत. आवक कारकुनाने दोनदा विचारलं, ‘अकरा कशाला, एकच न्या ना.’ अकराच लिहिल्या. पोच मिळाली आहे. नकला हातात आल्या की मुदतवाढीची रक्कम इथे लिहितो.