मांडी वरून काळी, हाडापाशी कच्ची
एकाने लिहिलंय की पऱ्हाट्या (कापसाच्या वाळलेल्या काड्या) पेटवून बोकडाची अख्खी मांडी ग्रिलवर भाजली, तर ती बाहेरून करपली नि हाडापाशी कच्ची राहिली. दोष पऱ्हाट्यांच्या आगीचा. भरताच्या वांग्याला ती झकास. दीड किलोच्या मांडीला बाभळीचा कोळसाच हवा. निखाऱ्यांवर राख धरली की ते एका बाजूला ओढा, मांडी दुसऱ्या बाजूला ठेवा, झाकण बंद. ग्रिलच्या आत १५०-१६० अंश, अडीच-तीन तास. मीठ (२० ग्रॅम) आदल्या रात्रीच चोळायचं. काळा मसाला मात्र शेवटच्या २० मिनिटांत, तेलात कालवून. त्यातलं खोबरं आधीच भाजलेलं, लगेच कडू होतं. थर्मामीटर मांसात खुपसताना हाडाला टेकू देऊ नका, आकडा खोटा येतो. ९० अंशांच्या आसपास मांस हाडापासून सुटतं.