तेरा वर्षांच्या मांजरीचा संधिवात : औषधाचा गुण येतो आहे हे ओळखावे कसे?

नमस्कार. आमच्या चिंगीला तेरावे वर्ष चालू आहे. तिच्या दोन्ही कोपरांच्या आणि एका खुब्याच्या सांध्याची झीज झाल्याचे गेल्या आठवड्यात एक्स-रेमध्ये दिसले. तेव्हापासून एकच गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती ही की, या दुखण्याच्या खुणा वर्षभर आमच्या डोळ्यांसमोर होत्या आणि आम्ही त्यांना म्हातारपण म्हणत होतो.

ती कधी लंगडली नाही की विव्हळली नाही. पलंगावर एका झेपेत चढणारी ही मांजर हल्ली पुढचे पंजे काठावर टेकवते, मागचे अंग दोनदा दबवून अंदाज घेते आणि शेवटी उडी न मारता चादरीत नख्या रुतवून स्वतःला वर ओढून घेते. शेपटीच्या बुडाशी केसांच्या जटा झाल्या, कारण तिथवर मान वळवून चाटणे तिला जमेनासे झाले होते. आम्हाला मात्र ती आळसावली असे वाटले. ओरखडायचे तिने सोडल्यामुळे एक नखी वाढून, गोल वळून पंजाच्या गादीला टोचू लागली होती. लघवी ट्रेच्या बाहेर होऊ लागली तेव्हा तर आम्ही तिच्यावर रागावलो. ट्रेचा काठ वीतभर उंच आहे आणि तो ओलांडताना तिला दुखत असेल, हे आमच्या ध्यानातच आले नाही. याचे फार वाईट वाटते.

आता मुख्य अडचण सांगतो. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसेल तर रक्तात वाढणारा घटक) किंचित वाढलेले निघाले असून किडनीचा आजार सुरुवातीच्या अवस्थेत असावा, असे डॉक्टरांचे मत आहे. त्यामुळे मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक औषध द्यायचे झाल्यास अगदी कमी मात्रेत आणि वरचेवर रक्त तपासूनच देता येईल, असे ते म्हणाले. दुसरा पर्याय म्हणून त्यांनी महिन्यातून एकदा त्वचेखाली द्यायचे फ्रुनेव्हेटमॅब हे इंजेक्शन सुचवले आहे. औषधाची निवड डॉक्टरांच्या सल्ल्यानेच होईल. मला विचारायचे आहे ते असे की, जे जनावर आपले दुखणे इतके लपवते, त्याला औषधाने बरे वाटते आहे की नाही, हे घरच्या माणसांनी कशावरून ठरवावे? ज्यांनी म्हाताऱ्या मांजरीची अशी सेवा केली आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

प्रतिसाद :

नमस्कार. सर्वप्रथम, स्वतःला फार दोष देऊ नका. बारा वर्षांवरील १०० मांजरांच्या एक्स-रेंची एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात ९० मांजरांच्या सांध्यांत झिजेच्या खुणा आढळल्या होत्या. लंगडणे क्वचितच दिसते, कारण बहुधा दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच दुखत असतात. शिवाय एक्स-रेमध्ये दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचा मेळ बसेलच असे नसते, म्हणून घरातील निरीक्षणाला फार मोल आहे.

आमच्या बोक्याच्या वेळी आम्ही औषध सुरू करण्याआधीच त्याची पलंगावर चढण्याची, जिना उतरण्याची आणि दोरीमागे धावण्याची चित्रफीत घेऊन ठेवली होती. दवाखान्यात मांजर भीतीने आखडून बसते आणि तिथे काहीच कळत नाही. डॉक्टरांना त्या चित्रफितीचाच उपयोग झाला. पुढे दर आठवड्याला त्याच तीन हालचाली, त्याच जागी आणि साधारण त्याच वेळी पाहून वहीत नोंद केली. एका वेळी एकच बदल करा, असे मी आग्रहाने सांगेन. औषध, जिन्याची पायरी आणि नवे अंथरूण एकाच दिवशी आणले, तर गुण कशाचा हे कधीच उमगत नाही. ट्रे मात्र आजच बदला; एका बाजूने काठ जमिनीलगत कापलेला मोठा, उथळ डबाही चालतो. वजन जास्त असेल, तर ते सावकाश उतरवणे हाही उपचारच आहे, पण मांजरीला उपाशी ठेवू नये, त्याने यकृताला इजा होते.

मेलॉक्सिकॅमबद्दल डॉक्टर सावध आहेत ते योग्यच आहे. युरोपात ते मांजरांना दीर्घकाळ देण्यास मान्यता आहे, तर अमेरिकेत वारंवार दिल्यास किडनी निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो, असा इशारा औषधाच्या माहितीपत्रकावरच छापलेला असतो. ते चालू असताना मांजरीने खाणे सोडले किंवा उलट्या केल्या, तर पुढची मात्रा न देता लगेच फोन करावा. फ्रुनेव्हेटमॅबला अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये मान्यता मिळाली. वेदनेचा संदेश वाढवणाऱ्या एका प्रथिनाला ते अडवते. आणि घरातील पॅरासिटामॉल कधीही, अगदी अर्धी गोळीसुद्धा, देऊ नका. ते पचवण्याची यंत्रणा मांजरीच्या यकृतात तोकडी असते आणि जीव जातो.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. ट्रेचा काठ आजच कापला. चिंगी त्याच्याजवळ थोडा वेळ थांबली, कापलेली कड तिने हुंगली आणि पाय फारसा न उचलता आत गेली. पलंगावर चढतानाची चित्रफीतही घेतली आहे. ती डॉक्टरांना दाखवून इंजेक्शनबद्दल विचारतो आणि चार आठवड्यांनी वहीतील नोंदी येथे लिहितो.