घरच्या संगणकाला स्वस्त साउंड कार्ड घ्यावे का?

(वाचकांची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

रंकाळवेस

कोल्हापुरात राजारामपुरीत नवा संगणक जोडून घेताना दुकानदाराच्या यादीत दोन-अडीच हजारांचे साउंड कार्ड, म्हणजे संगणकाचा आवाज तयार करणारे वेगळे कार्ड, हमखास दिसते, आणि 'गाणी ऐकायची असतील तर घ्याच' हा सल्लाही सोबत मिळतो. माझे मत याच्या विरुद्ध आहे. घरगुती वापरासाठी कॅबिनेटच्या आत बसणारे स्वस्त कार्ड आज घेऊ नये. तेच पैसे स्पीकरमध्ये किंवा हेडफोनमध्ये घालावेत.

सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ साली पहिले साउंड ब्लास्टर आणले, तेव्हा संगणकाला स्वतःचा आवाज म्हणजे केवळ 'पी पी' होता आणि कार्डावाचून गत्यंतर नव्हते. पुढे १९९७ मध्ये इंटेलने एसी-९७ आणि २००४ मध्ये एचडी ऑडिओ हे आराखडे ठरवून दिल्यावर आवाजाची चिप मदरबोर्डवरच, म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डवरच, येऊ लागली. आज साध्यातल्या साध्या बोर्डवर असणाऱ्या रियलटेक एएलसी-८८७ या चिपचे ध्वनी-गोंगाट गुणोत्तर (मूळ आवाज गोंगाटापेक्षा किती वर आहे ते; जितके जास्त तितके चांगले) कंपनीच्या माहितीपत्रकात ९७ डेसिबल दिलेले आहे, आणि सोळा बिटांच्या सीडीची मर्यादाच सुमारे ९६ डेसिबल आहे. आपण ऐकतो ती गाणी बहुतेक वेळा दाबून लहान केलेली, स्पीकर सातशे रुपयांचे, आणि त्यांना अडीच हजारांचे कार्ड जोडायचे, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

शाहूपुरी पाचवी गल्ली

साहेब, माहितीपत्रकातला आकडा चिपचा असतो, बोर्डचा नव्हे. मी दुरुस्तीचे काम करतो, म्हणून रोज पाहतो ते सांगतो. स्वस्त बोर्डवर आवाजाच्या चिपचा वीजपुरवठा वेगळा गाळलेला नसतो, आणि तिच्या शेजारून डिजिटल संकेतांच्या वाहिन्या जातात. गिऱ्हाईक हेडफोन लावून माऊसचे चाक फिरवते, तेव्हा पान सरकेल तशी कानात बारीक 'किर्र' उमटते आणि पान थांबले की तीही थांबते. ग्राफिक्स कार्डवर ताण आला की त्याच आवाजाची पट्टी चढते. हा दोष सोल्डरिंगने जात नाही आणि त्यासाठी कोणी बोर्ड बदलत नाही. अशा वेळी हजार-दीड हजारांचे कार्ड हाच त्या माणसासाठी स्वस्त उपाय असतो. सरसकट 'घेऊ नये' म्हणणे मला पटत नाही.

रंकाळवेस

आपला अनुभव मी नाकारत नाही, पण त्या गिऱ्हाइकाचा हेडफोन पुढच्या जॅकला लावलेला होता की मागच्या, हे आधी विचारायला हवे. पुढच्या जॅककडे जाणारी बारीक वायर बोर्डच्या तळाशी असलेल्या पिनांपासून निघून ग्राफिक्स कार्डला घासून वर येते आणि स्वस्त कॅबिनेटमध्ये तिच्यावर आवरणाची जाळीही नसते. तोच हेडफोन मागच्या हिरव्या जॅकला लावला की निम्म्याहून अधिक तक्रारी तिथेच मिटतात, असा माझा अंदाज आहे.

दुसरे, पेठांमधल्या जुन्या घरांत तीन छिद्रांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या छिद्रामागे अर्थिंगची वायरच नसते. कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावल्यावर बारीक मुंग्या येतात, त्या यामुळेच. संगणकाच्या वीजपुरवठ्यातील गाळणीच्या कपॅसिटरमधून झिरपणाऱ्या विजेला जमिनीकडे जायला वाट उरत नाही. अशा संगणकाला अॅम्प्लिफायर आणि त्याच अॅम्प्लिफायरला केबलचा सेट-टॉप बॉक्स जोडला की पन्नास हर्ट्झची घरघर सुरू होते. आत नवे कार्ड बसवले तरी पत्रा तोच, वीजपुरवठा तोच, ग्राउंडही तोच, मग घरघर जाणार कशी? वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्यावे. आवाजाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ते करायलाच हवे.

तांबडा पांढरा

काका, भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी घरमालकाला अर्थिंग करायला लावू शकत नाही, हे आधी नोंदवतो. पण माझा मुद्दा निराळा आहे. सगळी चर्चा गोंगाटावर चालली आहे आणि हेडफोन चालवण्याच्या क्षमतेबद्दल कोणीच बोललेले नाही. बऱ्याच साध्या बोर्डांवर हेडफोनसाठी वेगळा अॅम्प्लिफायर नसतो आणि जॅकच्या आधी रोधक बसवलेला असतो. २५० ओहम रोधाचा हेडफोन तिथे पुरेसा वाजत नाही, आणि उलट सोळा-बत्तीस ओहमच्या काही इअरफोनचा खर्ज बिघडतो. असूसच्या झोनार डीजीसारख्या स्वस्त कार्डात हेडफोनचा अॅम्प्लिफायर होता, म्हणूनच ते लोकांना आवडले. शिवाय खेळताना पाऊल कोणत्या बाजूला वाजले हे कळण्यासाठी कार्डातल्या सराउंडचा (चहूबाजूंनी आल्यासारख्या आवाजाचा) उपयोग होतो.

रंकाळवेस

अडीचशे ओहमचा हेडफोन घेणारा माणूस बजेटच्या कार्डाची चौकशी करत नाही. तो त्याला साजेसा अॅम्प्लिफायरही घेतो. रोधकाचा मुद्दा मात्र खरा आहे. पण त्याला उत्तर म्हणून झोनार डीजी सुचवू नये, कारण ते बोर्डवरच्या जुन्या पीसीआय खाचेत बसणारे कार्ड आहे आणि आजच्या बोर्डवर ती खाचच नसते. नव्या खाचेसाठी डीजीएक्स हे त्याचे वेगळे रूप होते. जुन्या बाजारात 'अगदी नवे आहे' म्हणून डीजी गळ्यात मारले जाते, तेव्हा खाचेत बसणारी कार्डाची सोनेरी दातऱ्यांची पट्टी आधी पाहावी.

सराउंडचे म्हणाल, तर विंडोज व्हिस्टा २००७ मध्ये बाजारात आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने खेळांच्या आवाजाला डायरेक्टसाउंड या विंडोजमधल्या आवाजाच्या प्रणालीमार्फत कार्डाच्या चिपपर्यंत थेट पोहोचण्याचा रस्ताच काढून टाकला. तेव्हापासून दिशांचे गणित मुख्यतः प्रोसेसरवर आणि खेळाच्या स्वतःच्या प्रणालीत होते. खोक्यावरचा ७.१ हा सराउंडचा आकडा दोन कानांच्या हेडफोनसाठी बहुतेक वेळा एक सॉफ्टवेअर असतो, आणि तसे सॉफ्टवेअर कार्डाशिवायही मिळते.

जवारी

आपण सर्वजण केवळ ऐकण्याबद्दल बोलत आहात, म्हणून ध्वनिमुद्रणाबद्दल लिहिते. मी गाणे शिकवते, आणि घरात जुन्या मैफलींच्या कॅसेट आहेत. त्या संगणकावर घ्यायच्या म्हटल्यावर बहुतेक पालक दोनशे-तीनशे रुपयांचे यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून यूएसबीला लावायचे छोटे साउंड कार्ड, आणून देतात, आणि तिथेच घात होतो. त्या डोंगलमधल्या चिपला बहुधा एकच माइकचा मार्ग असतो; म्हणजे कॅसेटच्या डाव्या-उजव्या बाजू एक होतात. त्यातही कॅसेट डेकच्या लाइन आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या जॅकमधून) येणारा संकेत माइकच्या संकेतापेक्षा कितीतरी मोठा असल्याने तान वर गेली की आवाज फाटतो. मागच्या पाटीवरचा निळा जॅक लाइन-इनचा असतो, त्यात डेक जोडला तर हे दोन्ही प्रश्न राहत नाहीत. साध्या कॅसेटचे स्वतःचे गुणोत्तरच ५०-५५ डेसिबलच्या आसपास असते, त्यामुळे तिच्यासाठी बोर्डवरची चिप भरपूर झाली. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

तानपुरा आणि गळा मुद्रित करायचा असेल तेव्हा मात्र मी रंकाळवेस यांच्याशी सहमत नाही. मिरजेच्या चांगल्या तानपुऱ्याची जवारी म्हणजे तारेच्या मूळ स्वरावर चढत जाणारे बारीक स्वरांश. बोर्डच्या गुलाबी जॅकला साधा माइक लावून तो आवाज वाढवला की जवारीच्या आधी 'श्श' वाढतो, कारण त्या जॅकमागचा माइकचा अॅम्प्लिफायर बहुतेक वेळा सुमार असतो. तिथे बेहरिंगर यूएम-२ सारखे बाहेरचे ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे वेगळे उपकरण) लागते, जे कंडेन्सर माइकला, म्हणजे वीज लागणाऱ्या माइकला, ४८ व्होल्टही पुरवते. किमतीने ते बजेटच्या वरच्या कडेला जाते, पण त्याच्याऐवजी आतले स्वस्त कार्ड घेतले तर ४८ व्होल्टही मिळत नाहीत आणि माइकचा खरा, तीन पिनांचा जॅकही मिळत नाही.

शाहूपुरी पाचवी गल्ली

ताईंचे डोंगलबद्दलचे म्हणणे मुद्रणापुरते बरोबर आहे. ऐकण्यासाठी मात्र मी तेच गिऱ्हाइकाला आधी लावून दाखवतो. किर्र येत असेल तर हातभर लांबीच्या यूएसबी वायरवर डोंगल कॅबिनेटपासून दूर ठेवायचे आणि हेडफोन त्याला लावायचा. किर्र गेली, तर आत कार्ड घालण्याची गरज उरत नाही, आणि उद्या लॅपटॉप घेतला तरी ते डोंगल कामाला येते. अॅम्प्लिफायरची घरघर मात्र यानेही जात नाही, कारण यूएसबीच्या वायरमधून ग्राउंड तसाच पुढे जातो. तिथे संगणक आणि अॅम्प्लिफायर यांच्यातल्या आवाजाच्या वायरीत मधे ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो. विद्यार्थ्याच्या खोलीत अॅम्प्लिफायर नसतोच, तेव्हा अर्थिंगविषयीचे त्याचे उत्तर यात आले.

तरीही आतल्या कार्डावर मी फुली मारणार नाही. ज्या ऑफिसांत यूएसबीची दारे धोरण म्हणून बंद केलेली असतात आणि बोर्डवरची चिप जळालेली असते, तिथे दुसरा मार्ग नाही.

तांबडा पांढरा

ऑफिसचा संगणक म्हणजे घरचा संगणक नव्हे, दादा. माझ्या इअरफोनचा खर्ज मात्र डोंगलवर सुधारतो का, ते ऐकल्याशिवाय मी मानणार नाही.

शाहूपुरी पाचवी गल्ली

इअरफोन आणि ओळखीचे एक गाणे घेऊन दुपारी चारनंतर या. कोणत्या जॅकला काय लावले आहे ते आधी सांगणार नाही.