फ्लोरिनवरची लिली आणि जिनोव्हाचा दिवंगत राजा

टांकसाळ:
‘नाण्यावर ज्याचे नाव, सत्ता त्याची; म्हणून १२५२ मध्ये स्वतःच्या नावाचे, लिलीचे चिन्ह असलेले फ्लोरिन हे सोन्याचे नाणे पाडून फ्लॉरेन्स पवित्र रोमन सम्राटापासून मोकळे झाले,’ हे कालच्या धाग्यातले विधान वाचून राहवले नाही. त्याच वर्षी जिनोव्हानेही सोन्याचे नाणे पाडले आणि त्यावर जर्मन राजा तिसरा कॉनराड याचे नाव घातले. टांकसाळीचा हक्क त्याने ११३८ मध्ये दिला होता आणि ११५२ मध्ये तो वारलाही होता. मग जिनोव्हा शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या राजाच्या ताब्यात होते काय? सत्ता नावात नव्हती. वजन आणि कस कोण तपासतो, यात होती.

वेशीवरचा:
कसाच्या पलीकडे तुम्हाला काही दिसतच नाही. १२५६ मध्ये पिसाला हरवल्यावर फ्लॉरेन्सच्या सैन्याने शत्रूच्या मुलखात एक मोठा पाइन तोडून त्याच्या बुंध्यावर फ्लोरिन पाडले आणि खूण म्हणून नाण्यावरच्या संत योहानाच्या पायांशी त्रिदल उमटवले, असे फ्लॉरेन्सचा बखरकार व्हिल्लानी लिहितो. तिथे कोणता व्यापार चालला होता?

सांजवात:
आजीच्या पुतळ्यांच्या माळेत व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्यावरचे चित्र आहे: संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा शासक. आम्ही त्यांना रामसीता समजून हळदकुंकू वाहत आलो. एका सोनाराने त्यातल्या तीन पुतळ्या न विचारता आटवल्या, ते दुःख अजून जात नाही.

टांकसाळ:
ताई, वाईट झाले. मात्र उरलेल्या पुतळ्या नीट पाहा. ध्वजाच्या काठीलगत डी, व्ही, एक्स (‘डोज’ला लॅटिन शब्द) ही अक्षरे एकाखाली एक आहेत, की नुसत्या रेघोट्या? आपल्याकडच्या कित्येक पुतळ्या इथेच ठोकलेल्या नकला असतात.

सांजवात:
आजीचे सोने खोटे ठरवायला तुम्ही कोण? भिंगातून पाहिले. दोन पुतळ्यांवर अक्षरे आहेत, बाकीच्यांवर रेघोट्या आहेत, हे खरे. पण सोने सगळ्यांचे चोख आहे आणि आजीने त्यांत कधी भेद केला नाही.

वेशीवरचा:
मग माझेच म्हणणे सिद्ध झाले. डोजचे नाव वाचता न येणाऱ्यांनीही १२८४ पासून चालत आलेले ते चित्र जपले, ते त्या चित्राचा दरारा होता म्हणून.

टांकसाळ:
दरारा चित्राचा होता, हे मान्य. पाइनच्या बुंध्याचे उत्तरही माझ्याकडे नाही. पण तो दरारा कमावला व्हेनिसच्या टांकसाळीने, शतकानुशतके नाण्याच्या साडेतीन ग्रॅम वजनाला धक्का न लावता. सांजवातताई, त्या दोन पुतळ्यांचे वजन करून इथे लिहाल का?